भट्टी भरणारी

"दादा, रांजण नको देऊस एवढ्यात. आधी ते दोन बसके माठ सरकव. मोठ्या पोटाचे."

आवाज भट्टीच्या आतून आला. थोरला गुडघ्यावर बसला आणि त्याने भट्टीच्या तोंडातून माठ आत सारला. आतून काळेभोर दोन हात पुढे आले आणि माठ ओढून घेऊन गेले. हातांची मालकीण काही दिसली नाही. आत नुसता अंधार, आणि त्या अंधारात बांगडी माठाला लागल्याचा बारीक आवाज.

"हा तिरका बसतोय रे. काठ जाड झालाय का?"

"काठ बरोबर आहे. तुझा हात तिरका झालाय."

"चाळीस वर्षं झाली, अजून माझाच हात तिरका," आतून हसण्याचा आवाज आला. "दे, दुसरा दे."

भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. पालथ्या टोपलीसारखी, आणि तोंड एवढं लहान की मोठ्या माणसाचे खांदे अडकावेत. तोंड लहान असलं की आच आत कोंडून राहते, भांडं आतपर्यंत भाजतं, वाजवलं की खणखणतं. पण मग आत शिरून भांडी रचणार कोण? वडिलांनी त्यावर उपाय काढला तो म्हणजे त्यांची मुलगी चिमी. अंगाने मूळचीच लहान. आठ वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा आत पाठवलं, आणि तेव्हापासून भट्टी भरायची ती तिनेच. मागच्या भिंतीपासून रचत यायचं, दोन भांड्यांत आगीला वाट ठेवायची, कुठे दोन बोटं, कुठे चार, आणि शेवटी उलटं सरकत पाय आधी बाहेर काढायचे. तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती पुन्हा गावात येऊन खालच्या आळीत एका खोलीत राहू लागली, तरी भट्टीचा दिवस ठरला की थोरला तिच्या दारात जाऊन सांगायचा, "उद्या ये." ती यायची. या बाबतीत दुसरं काही बोलणं दोघांत कधी झालं असेल असं वाटत नाही.

सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. थोरल्याने मान वर न करता ओळखलं.

"थोरले, आहात का? की भट्टीत जाऊन बसलात?" कोर्टाचा बेलीफ घाम पुसत म्हणाला.

"मावलो असतो तर बसलोच असतो. तुमच्यापासून लपायला तेवढीच जागा उरलीय."

"मी काय करू बाबा? मी फक्त कागद आणतो."

"या वेळी काय आहे?"

"या वेळी धूर. तुमच्या भट्टीच्या धुराने तुमच्या भावाला दमा होतो."

"तो राहतो नदीपलीकडे, बाजारात. एवढा लांब धूर जायला तो काय त्याची चौकशी करत जातो का?"

बेलीफ हसला. तो भला माणूस होता. इतक्या वेळा इकडे येऊन त्याला थोरल्याच्या घरातला तांब्या कुठे असतो तेही ठाऊक झालं होतं. तो स्वतःच पाणी घेऊन प्यायला.

"मागे भिंतीला तडा गेला म्हणून दावा. त्याआधी तळ्यातली माती. त्याआधी तुम्ही त्याला बाजारात शिवी दिली म्हणून."

"मी शिवी दिलेली नाही."

"मला कशाला सांगता? दावा तर त्याने मागेच काढून घेतला."

हीच तर गंमत होती. धाकटा एकही दावा शेवटाला नेत नसे. तातडीचा अर्ज करायचा, भट्टी बंद ठेवायचा हुकूम मागायचा, थोरल्याला कोर्टात उभं करायचं, आणि मग पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख, आणि शेवटी वकिलाने उठून म्हणायचं, आम्ही दावा मागे घेतो. पुन्हा महिन्याभराने नवीन. भट्टीखालची जागा रस्त्याला लागून आणि तिन्ही भावंडांच्या नावावर. धाकट्याला ती गोदामवाल्याला विकायची होती आणि थोरला सही करत नव्हता. सरळ वाटणीचा दावा धाकट्याने कधी लावला नाही. वाटणी झाली असती तर एक तुकडा मिळाला असता, आणि तुकडा गोदामवाल्याला नको होता. थोरल्याने कंटाळून हात टेकावेत, एवढंच त्याला हवं होतं.

"तारीख कधीची?" थोरल्याने विचारलं.

"परवाची."

भट्टीच्या आतला बांगडीचा आवाज थांबला.

परवा म्हणजे आग ऐन भरात असणार. पहिला दिवस नुसता शेक द्यायचा, ओलावा हळूहळू निघू द्यायचा. दुसऱ्या दिवशी आच वाढवायची, आणि त्या दिवशी जाळाकडे पाठ केली की संपलं. कमी पडली तर भांडी कच्ची, जास्त झाली तर तडकतात, एकेक फुटताना बाहेर ऐकू येतं. आणि कोर्टात गेलं नाही तर एकतर्फी हुकूम. म्हणजे भट्टी कायमची गार.

"दरवेळी बरोबर जाळाच्याच दिवशी कशी येते हो तारीख?" बेलीफ निघताना म्हणाला. त्याला बोचरं बोलायचं नव्हतं, त्याला खरंच नवल वाटत होतं.

थोरला तारखेला गेला. आगीपाशी बायको बसली. तिने जीव तोडून जाळ राखला, पण डोळ्यांना पाण्याच्या धारा लागलेल्या, अंदाज कुठून येणार? कोर्टात धाकट्याच्या वकिलाने पुढची तारीख मागून घेतली. थोरला परत आला तेव्हा बायको ओट्यावर बसली होती, आणि भट्टी आतून फुटत होती. एक, मग जरा थांबून दुसरं.

"तुम्हाला एक सांगू का?" बायको म्हणाली. "रागावणार नसाल तर."

"रागवायला अंगात जोर लागतो. सांग."

"भट्टीचा दिवस त्याला घरातूनच कळतो."

"घरात तू आणि मी."

"आणि चिमीवन्सं."

थोरला उठूनच उभा राहिला. "जिभेला काही हाड आहे का तुझ्या? ती आत बसते तेव्हा बाहेर तोंडापाशी बसणारा मी आहे. माझ्या भरवशावर आत जाते ती. लाकूडवाला सांगत असेल. लाकडं मागवली की साऱ्या बाजाराला कळतं."

"मागच्या खेपेला लाकूड घरचंच होतं."

माणसाला उत्तर नसलं की तो आवाज चढवतो, तसा थोरल्यानेही चढवला. आणि चढवता चढवता त्याच्या तोंडून निघून गेलं, "ठीक आहे. दाखवतोच तुला. एक दिवस फक्त तिला सांगतो. तुलासुद्धा कळणार नाही. मग तारीख येते का बघ. नाही आली, तर तिच्या पाया पड."

बायको म्हणाली, "पडेन. आनंदाने पडेन."

थोरल्याने चाकावर बसून नवी भांडी घातली. ती अजून अंगणात ओली होती, बोट लावलं तर ठसा उमटेल अशी, तेव्हाच तो खालच्या आळीत गेला. चिमी दारात बसून तांदूळ निवडत होती.

"गुरुवारी ये भरायला," तो म्हणाला. "रात्रीच शेक देतो, शुक्रवारी जाळ."

"एवढ्यात वाळली?"

"ऊन चांगलं आहे."

तिने मान हलवली. "वहिनीच्या डोळ्यांचं कसं आहे?"

"बरं आहे."

परत येताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. आयुष्यात तो बहिणीशी पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि तेही बायकोसमोर त्याच बहिणीला खरी ठरवण्यासाठी. शुक्रवार कोरडा जाईल, मग चिमीला सगळं सांगून हसायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

बुधवारी अंगणात सायकल आली.

"थोरले," बेलीफ म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदाच पाणी घेतलं नाही. "शुक्रवारची तारीख आहे. अर्जात लिहिलंय, भट्टी भरून तयार आहे आणि शुक्रवारी जाळ लागणार आहे." त्याने अंगणात मांडलेल्या ओल्या भांड्यांकडे पाहिलं. "यातलं काय भरलंय तुम्ही?"

बायको दारात उभी होती. आपलं खरं ठरल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. ती नुसती आत गेली आणि तिने भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

गुरुवारी सकाळी चिमी आली. डोक्याला जुनं फडकं बांधलेलं, पदर खोचलेला. भट्टीच्या तोंडापाशी ती गुडघ्यावर बसली, सवयीने मागे हात केला आणि म्हणाली, "दे."

काहीच मिळालं नाही, तेव्हा तिने मान वळवली. अंगणात ओली भांडी. त्यांच्यामध्ये थोरला उभा.

"माती ओली आहे अजून," तो म्हणाला.

तिने भांड्यांवरून नजर फिरवली. मग डोक्याचं फडकं सोडून तिने मांडीवर घेतलं.

"मला जोखलंस," ती म्हणाली.

"तुला खरी ठरवायला निघालो होतो."

"मग चुकलास."

"का गं?" थोरला दोन पावलं पुढे आला. "त्याने काय दिलं तुला?"

"दिलं नाही काही. देणार आहे. जागा विकली की बाजारात एक खोली. खिडकी असलेली." तिने फडक्याची घडी घातली. "तुला हसू येईल. पण मला खिडकी हवी आहे, दादा."

"मला सांगायचंस. मी दिली असती."

"कशातून? भट्टीतून?" तिने हात पुढे केले. नखांखाली, सुरकुत्यांत, घासून न निघणारी काजळी. "आठ वर्षांची होते. बाबांनी आत घातलं तेव्हा भीतीने ओरडले मी. तू बाहेर होतास. तू म्हणालास, घाबरू नकोस, लवकर आटप. तेव्हापासून तू मला एकच सांगत आलायस, उद्या ये. येशील का असं एकदा तरी विचारलंस?"

"तू कधी नाही म्हणाली नाहीस."

"नाही म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं."

तिचं म्हणणं थोरल्याला पटलं होतं, तेच तर वाईट होतं. तिने एकदाच धाकट्याला कळवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ती आत बसून भांडी रचायची, माठाचा काठ जाड झाला म्हणून त्याच्याशी हसायची, आणि त्याच संध्याकाळी नदीपलीकडे निरोप धाडायची. एवढ्या निगुतीने रचलेली भांडी तिच्याच निरोपाने तडकायची. ती फुटताना तिच्या हाताला काहीच होत नसेल का?

हेच त्याला विचारायचं होतं. पण तोवर ती उठून गेली होती.

शुक्रवारी कोर्टात तपकीरवाले वकील, म्हणजे थोरल्याचे वकील, हात चोळतच आले. "थोरले, या वेळी तो सापडला. शपथेवर लिहून दिलंय, भट्टी भरली आहे म्हणून. आणि तुमची भांडी अंगणात ओली. मी मागचे सगळे दावे एकत्र काढून ठेवलेत. असं वरचेवर खोडसाळ दावे लावून माणसाला छळणाऱ्याला कोर्ट अडवू शकतं. परवानगीशिवाय नवा दावा लावायला बंदी. फक्त बहिणीचं नाव घ्या. तिच्याकडून माहिती जायची आणि मग तारखा पडायच्या, एवढं सांगा."

"आणि तिचं काय होईल?"

"काय व्हायचंय? हुकुमात तिचंही नाव येईल. दोघांनाही बंदी."

"म्हणजे कोर्टाच्या कागदावर येईल की चिमी भावाचं घर जाळायला निघाली होती."

"घर नाही, भट्टी."

"गावाला तेवढा फरक कळत नाही, साहेब."

जज्जबाई शांतपणे वाचत होत्या. सगळे जुने दावे समोर. शिवीचा, मातीचा, तड्याचा, धुराचा. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला आणि धाकट्याला पुढे बोलावलं.

"यातला एक तरी दावा तुम्ही शेवटपर्यंत चालवलात का?"

"परिस्थिती बदलत गेली, बाईसाहेब."

"परिस्थिती दर महिन्याला बदलते? आणि दर वेळी यांच्या आगीच्याच दिवशी?" त्यांनी कागद उचलला. "भट्टी भरलेली आहे, हे तुम्ही शपथेवर लिहिलंय. ती तर रिकामी आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खात्रीलायक माणसाने."

"त्याचं नाव?"

धाकटा आपल्या वकिलाकडे बघू लागला. मागच्या बाकावर चिमी बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण ती आहे हे त्याला पाठीने कळत होतं.

जज्जबाई थोरल्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत आहे का, यांना कोण सांगतं?"

वकिलांनी कोपराने ढोसलं. थोरला त्यांच्यापासून जरा बाजूला सरकला.

"नाही, बाईसाहेब."

"नक्की?"

"आमच्या घरातलं तरी कुणी नाही."

जज्जबाईंना ते पटलं नसावं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत त्या म्हणाल्या, "जो माणूस माझ्यासमोर आहे त्यालाच मी बांधू शकते. ज्याचं नावच कुणी घेत नाही त्याला नाही." आणि त्यांनी हुकूम सांगितला. धाकट्याने भट्टीबद्दल कोणताही नवा दावा या कोर्टाच्या परवानगीशिवाय लावायचा नाही. चालू अर्ज फेटाळला, वर खर्चही त्याच्यावर बसवला. कोर्ट हे लोकांचं भांडण मिटवायची जागा आहे, भावाला थकवायची नव्हे, असंही त्या बोलल्या. थोरल्याचे डोळे भरून आले. परक्या बाईने एवढं समजून घ्यावं, आणि घरच्यांनी नाही.

बाहेर आल्यावर वकिलांनी तपकीर ओढली. "जिंकलात. पण अर्धेच."

"पुष्कळ झालं," थोरला म्हणाला.

पुढचे काही आठवडे सायकल आली नाही. भांडी वाळली. चिमीला बोलवायला थोरला गेला नाही, आणि तीही आली नाही. बायकोने आत शिरून पाहिलं, खांद्याला खरचटून परत आली. शेवटी थोरल्याने छिन्नी घेतली आणि भट्टीच्या तोंडाच्या विटा फोडल्या. वडिलांनी बांधलेलं तोंड त्याने स्वतःला मावेल एवढं मोठं केलं. पहिल्यांदाच तो आत गेला. बसायला धड जागा नाही, पाठ वरच्या भिंतीला लागलेली, श्वासात राख. इथे ती सकाळपासून दुपारपर्यंत बसायची. थोरला कसाबसा रचत बाहेर आला आणि ओट्यावर बसून राहिला. बायकोने पाणी आणलं, ते तो प्यायला नाही.

भट्टी पेटवली त्याच दिवशी दुपारी बेलीफ आला. सायकलवरून उतरून तो उभाच राहिला.

"त्याला तर बंदी आहे," थोरला म्हणाला.

"त्याचा नाही, थोरले."

कागद चिमीच्या नावाने होता. वडिलोपार्जित जागेत आपला तिसरा हिस्सा आहे, तो मोजून मिळावा. आणि प्रतिवादीने भट्टीचं तोंड फोडून मिळकतीत बदल चालवला आहे, तेव्हा निकाल लागेपर्यंत भट्टी बंद ठेवावी. तारीख दुसऱ्या दिवसाची.

तपकीरवाल्या वकिलांनी कागद दोनदा वाचला. "हा खोडसाळ नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर इतक्या दाव्यांत हाच एक खरा आहे. तिचा हिस्सा आहेच. निकालाला वर्षं जातील, आणि तोवर भट्टी बंद राहिली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्या दिवशी तिचं नाव घेतलं असतंत, तर बाई हा अर्ज वाचताना थबकल्या असत्या. यामागे कोण आहे ते त्यांना कळलं असतं. आता कोर्टाच्या लेखी ती हिस्सा मागणारी साधी बहीण आहे. स्वच्छ. तुम्हीच कोर्टासमोर तसं सांगितलंय."

"आता सांगितलं तर?"

"मग त्या दिवशी खोटं बोललात असं होईल. आणि तो खोटं बोलला तेव्हा काय झालं, ते तुम्ही पाहिलंत."

सकाळी बायकोला जाळापाशी बसवून थोरला निघाला. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता, आणि त्याच्या एका टोकाला चिमी. दुसरी जागा नव्हती. तो दुसऱ्या टोकाला बसला. धाकटा लांब खांबाशी वकिलाबरोबर उभा होता, इकडे पाहत नव्हता.

मग चिमी हळूच म्हणाली, "धुराचा वास येतोय तुझ्या कपड्यांना. पेटलीय का आत्ता?"

थोरल्याने मान हलवली.

"कुणी भरली?"

"मी."

"तू?" ती एकदम त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत काळजी होती, अगदी खरी. "मागच्या भिंतीला वाट ठेवलीस का? तोंड मोठं केलंयस ना, वारा सगळा पुढूनच शिरेल. पुढची कच्ची राहतील आणि मागची फुटतील. जाळापाशी कोण आहे? वहिनीला सांगितलंस का, की आच आधी डावीकडून..."

"चिमे," थोरला म्हणाला.

ती थांबली.

"हे आता वकिलामार्फत विचार."

तिने ओठ मिटले आणि हात पदराखाली घेतले. आत पुकारा झाला. दोघंही एकदमच उठली, आणि दारात एकमेकांना वाट द्यायला थांबली.